नुसतं ‘३-२’ छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की, बॉक्सिंगमध्ये घासून झालेल्या लढतींचा निकाल पंचांवर सोडूच नये. यंत्राने ठोसे मोजावेत आणि ज्याचे जास्त त्याचा हात वर करावा. त्यांची तळमळ मला कळते. पण मी शाळेत खेळ शिकवण्यात २६ वर्षं घालवली आणि त्यातली बरीचशी शालेय स्पर्धांच्या रिंगपाशी पंचाच्या खुर्चीवर बसून काढली. त्या खुर्चीवरून काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ठोसे मोजण्याचा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ७१ किलोच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे लगावले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, अशी नोंद आहे. तरीही पंचांनी ३-२ ने, म्हणजे पाचपैकी तिघांच्या कौलाने, सुवर्णपदक पार्कला दिलं. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून पुन्हा जोन्सचीच निवड झाली! एवढी नाचक्की झाल्यावर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून बटणं आली. पाच पंचांपुढे लाल आणि निळं बटण असायचं आणि एका सेकंदाच्या आत तिघांनी एकच बटण दाबलं तरच गुण मिळायचा.

पुढे काय झालं ते आम्ही जिल्ह्यातही पाहिलं. जवळ घुसून बरगड्यांवर मारलेला ठोसा पंचांना दिसेपर्यंत सेकंद उलटून जायचा, त्यामुळे मुलांनी पोटावर मारणंच सोडलं. लांबून एक सरळ ठोसा मारायचा आणि पळायचं, एवढीच बॉक्सिंग उरली. वादही संपले नाहीत. २००८ मध्ये बीजिंगला आपल्या अखिल कुमारने विश्वविजेत्या सर्गेई वोदोप्यानोवला हरवलं, तेव्हा गुण ९-९ असे बरोबरीत होते. मग पंचांनी दाबलेली सुटी बटणं मोजून अखिलला विजयी ठरवलं. म्हणजे जी बटणं यंत्राने आधी जमेस धरली नव्हती, तीच शेवटी निर्णायक ठरली. आपण जिंकलो म्हणून तेव्हा कुणी काही बोललं नाही. चार वर्षांनी लंडनला सुमित सांगवान १४-१५ असा एका गुणाने हरला तेव्हा मात्र देशभर संताप झाला. भारताने तक्रार केली आणि ती फेटाळली गेली.

२०१३ पासून पुन्हा दहा गुणांची पद्धत आहे. फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला बहुतेक वेळा ९. लक्ष्यावर किती दर्जेदार ठोसे बसले, डावपेचांत कोण वरचढ होतं आणि कोण जिद्दीने लढलं, हे पाहून प्रत्येक पंच आपली पत्रिका, म्हणजे गुणांचा कागद, भरतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये या पद्धतीतही इतके वाईट निकाल लागले की तिथे काम केलेल्या सगळ्या ३६ पंचांना पुढे काही काळ बाजूला बसवलं गेलं. पण बेइमानी आणि घासून झालेली लढत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या सारख्या एकाच पोत्यात भरतो. पंच विकला गेला असेल तर त्याची चौकशी व्हावी, त्याला शिक्षा व्हावी. माझं म्हणणं प्रामाणिक पंचाबद्दल आहे. तोही चुकतो, आणि का चुकतो ते मी माझ्याच एका पत्रिकेवरून सांगते.

विभागीय शालेय स्पर्धा होत्या, सतरा वर्षांखालच्या मुलांची उपांत्य लढत. आमच्याकडे तीनच पंच होते. लाल कोपऱ्यातला मुलगा सतत पुढे येत होता, दोन्ही हातांनी मारत होता आणि त्याच्या शाळेची पोरं माझ्या डाव्या हाताला बसून प्रत्येक ठोशाला ओरडत होती. निळा मुलगा अर्धं पाऊल मागे सरकायचा आणि उजव्या हाताचा सरळ ठोसा टाकायचा. बहुतेक वेळ त्याची पाठ माझ्याकडे होती. मी शेवटच्या दोन्ही फेऱ्या लाल मुलाला दिल्या. बाकीच्या दोन पंचांपैकी एकाचा कौल लालला आणि एकाचा निळ्याला असल्याने निकाल माझ्या पत्रिकेवर लागला.

संध्याकाळी एका पालकाने समोरच्या बाजूने मोबाईलवर घेतलेलं चित्रण मला दाखवलं. लाल मुलाचे निम्म्याहून जास्त ठोसे निळ्याच्या ग्लोव्हजवर आणि कोपरांवर अडत होते. चामड्यावर चामडं आपटलं की आवाज मोठा येतो, आणि मी त्या आवाजाला गुण दिले होते. निळ्याचा उजवा हात कपाळावर बसत होता. त्याचा आवाज येत नाही, फक्त हेडगार्डसकट मान मागे जाते. माझ्या खुर्चीवरून ती मान दिसतच नव्हती.

निकाल बदलणं माझ्या हातात नव्हतं. दोन दिवसांनी मी त्या मुलाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही त्यालाच सांगा.” मी त्याला सगळं सांगितलं, माझी चूक झाली हेही सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग एवढंच विचारलं, “म्हणजे माझा उजवा लागत होता ना, मॅडम?” दोन दिवस ते पोर आपला उजवा हात कुचकामी आहे असं समजून बसलं होतं.

म्हणून माझा आग्रह पत्रिका उघड करण्याचा आहे. टोकियो ऑलिम्पिकमधली मेरी कोमची लढत आठवा. २९ जुलै २०२१, समोर कोलंबियाची इन्ग्रित व्हॅलेन्सिया. पहिली फेरी व्हॅलेन्सियाला ४-१, दुसरी मेरीला ३-२, तिसरी मेरीला ३-२. आणि निकाल? व्हॅलेन्सिया ३-२! तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून मेरी हरली कशी, हे मला शेजारच्या आजींपासून माजी विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. मी कागद घेऊन बसले. पाच पंच आणि तीन फेऱ्या, म्हणजे १५ कौल. मेरीचे एक, तीन आणि तीन मिळून ७. व्हॅलेन्सियाचे चार, दोन आणि दोन मिळून ८. लढत फेऱ्यांच्या मोजणीवर जिंकली जात नाही. पाचपैकी तीन पंचांच्या पत्रिकांवर जो पुढे असतो तो जिंकतो. मला स्वतःला शेवटच्या दोन्ही फेऱ्या मेरीच्या वाटल्या होत्या आणि आजही वाटतात. पण हिशेबात खोट नव्हती, आणि हे त्या दिवशी लोकांना कुणी समजावून सांगितलं नाही.

खरी अडचण त्या १०-९ मध्ये आहे. एका जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या एका सरळ ठोशाच्या, फरकाने गेलेली फेरी १०-९ आणि उघडउघड वर्चस्वाची फेरीही १०-९. नियमात १०-८ आहे, पण समोरचा खाली पडल्याशिवाय पंचाचा हात तिकडे वळत नाही. माझाही वळायचा नाही. फेरी स्पष्ट जिंकलेली असेल तर १०-८ देण्याचं धाडस पंचांना शिकवलं पाहिजे, चित्रफिती दाखवून, एकच फेरी चार बाजूंनी दाखवून शिकवलं पाहिजे. आणि फेरी अगदी घासून गेली असेल तर पंचाने पत्रिकेवर तशी खूण करावी. गुण तेच राहू देत, पण पोराला कळू दे.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पंचांच्या पत्रिका नावानिशी जाहीर होतात. २०१७ मध्ये कॅनेलो अल्वारेझ आणि गेन्नादी गोलोव्हकिन यांची लढत बरोबरीत सुटली. एका पंचाने गोलोव्हकिनला ११५-११३ ने पुढे ठेवलं, एकाने ११४-११४ दिले आणि तिसरीने कॅनेलोला ११८-११०, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या! हे आकडे समोर आले म्हणून जगाला जाब विचारता आला. नुसतं ‘बरोबरी’ छापून आलं असतं तर विचारायचं काय आणि कुणाला?

आता आपल्या वृत्तपत्राविषयी, आणि हे मी आपुलकीने लिहिते आहे. बातमीत ‘५-०’ असं आलं की वाचक समजतो, एकतर्फी झाली. पाचही पत्रिका २९-२८ असू शकतात! ‘३-२’ आलं की मथळ्यात ‘अन्याय’ येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला जास्मिन लांबोरिया पोलंडच्या यूलिया शेरेमेताला ४-१ ने हरवून ५७ किलोत विश्वविजेती झाली. मी टीव्हीपुढे उभी राहून टाळ्या वाजवल्या. पण त्या पाचव्या पंचाने शेरेमेतात काय पाहिलं, हे मला कुठल्याच मराठी पानावर वाचायला मिळालं नाही. जिंकतानाही हे विचारायची सवय असेल तरच हरल्यावरच्या आपल्या तक्रारीला वजन येईल.

आमच्या भागात बॉक्सिंग शिकणारी मुलं-मुली खूप आहेत. जिल्हा आणि विभागाच्या स्पर्धांत रेफ्रीने हात वर केला की सगळं संपतं. पत्रिका गठ्ठ्यात बांधून जातात आणि त्या पुन्हा कुणी पाहत नाही. त्या त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर लागाव्यात, एवढीच आयोजकांकडे मागणी आहे. त्यासाठी चार टाचण्यांपलीकडे खर्च नाही. आणि आपण आपल्या वार्ताहराला यंदाच्या विभागीय स्पर्धेला पाठवावं. प्रत्येक पंचाने प्रत्येक फेरीला दिलेले गुण चौकटीत छापण्याची आपली तयारी असेल, तर ते फलकावरून उतरवून रोज रात्री आठच्या आत आपल्या कार्यालयात पोचते करायचं काम माझं.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, अकोला