चर्चमधले युद्धस्मृतिफलक: रंगाऱ्याला बोलावण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की नाशिक, देवळाली कॅम्प, इगतपुरी या पट्ट्यातल्या जुन्या चर्चमध्ये रंगकाम निघते. त्यात आता सिंहस्थामुळे शहरभर डागडुजीचा जोर आहे. भिंती उजळाव्यातच, पण त्याच भिंतींवर लढायांत पडलेल्या सैनिकांचे फलक असतात आणि या कामात त्यांची जी हानी होते ती कधीच भरून निघत नाही. म्हणून पास्टोरेट कमिट्या (चर्चचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या समित्या), पॅरिशचे फादर आणि कंत्राटदार यांच्यासाठी हे पत्र.

या फलकांचे मोल कशात आहे, हे कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये स्पष्ट दिसते. ते १८५८ साली उपासनेसाठी खुले झाले आणि १९८ फुटी मनोरा १८६५ साली पुरा झाला. तिथला स्मरणलेख सांगतो की, १८३८ ते १८४३ दरम्यान सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे वेदीकडच्या भिंतींवर आहेत. बाकीचे हुद्देदार आणि साधे सैनिक इतके होते की त्यांची नावे लिहिणे शक्य झाले नाही. अनेक चर्चमध्ये हाच प्रकार आढळतो. शिपायाचे नाव हवे तर कोरेगाव भीमाच्या स्तंभासारख्या ठिकाणी जावे लागते. अशा चर्चच्या भिंतीवर शिपायाची खूण उरते ती फक्त अधिकाऱ्याच्या नावाखालच्या पलटणीच्या क्रमांकात. उदाहरणार्थ, अफगाणिस्तानातल्या २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत ६६वी बर्कशायर पलटण, १ली बॉम्बे ग्रेनेडियर्स, ३०वी जेकब्ज रायफल्स आणि बॉम्बे सॅपर्स होते. फलकावरच्या ३० मधले शून्य झिजले की वाचणारा ३री पलटण धरतो आणि पुढचा सगळा शोध चुकीच्या वाटेला लागतो. एकेक अक्षर जपायचे ते यासाठी.

सर्वांत जास्त नासधूस पितळी फलकांची होते, आणि तीही मायेपोटी. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावून फलक लखलखीत केला की सगळ्यांना बरे वाटते. पण या फलकांची अक्षरे उथळ कोरलेली असून त्यांत काळे किंवा लाल मेण, नाहीतर लाख भरलेली असते. घासल्यावर आधी ते भरण निघते, मग अक्षराची कड गोल होते आणि काही वर्षांनी तिरप्या उजेडाशिवाय मजकूर लागत नाही. अमोनिया असलेल्या पॉलिशने पितळेला बारीक चिरा पडू शकतात. शिवाय पॉलिशचा पांढरा गाळ अक्षरांत साचतो आणि खालच्या दगडावर हिरवे ओघळ उतरतात. पितळेवरची तपकिरी झाक ही घाण नव्हे, ती राहू द्यावी. मऊ सुती फडक्याने धूळ टिपावी आणि फलक पूर्ण कोरडा असताना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून केलेल्या, बारीक कणांच्या मेणाचा) अगदी पातळ थर द्यावा. ज्या फलकाला रोज हात लागत नाही, त्याला वर्षाला एकदा एवढे पुरते.

संगमरवराला आम्लाचा थेंबही चालत नाही, कारण तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे. फरशीचे ॲसिड लावले की पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत होतो. ब्लीच, प्रेशरचे पाणी आणि तारेचा ब्रशही वर्ज्य. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. मग डिस्टिल्ड पाण्यात उदासीन (आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा) साबणाचे काही थेंब टाकून खालून वर धुवावे. वरून सुरुवात केली तर कोरड्या दगडावर ओघळांचे डाग पडतात. शेवटी स्वच्छ पाण्याने साबण काढावा. दगडावर पांढरा लोणा फुलला असेल तर मात्र पाणी लावूच नये, नाहीतर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. लोणा कोरडाच झाडावा.

शिशाच्या अक्षरांचे फलक आणखी नाजूक असतात. अक्षराच्या खाचेत बारीक भोके पाडून त्यांत शिसे ठोकलेले असते. जोरात घासले की ते सुटून खाली पडते. पडलेले तुकडे केरात टाकू नयेत, पाकिटात घालून त्यावर फलकाचा क्रमांक लिहावा. आणि कृपा करून रिकाम्या खाचेत रंगाऱ्याकडून अंदाजाने अक्षर रंगवून घेऊ नका. शिसे गेले तरी भोकांच्या मांडणीवरून मूळ अक्षर ओळखता येते. त्यावर रंग चढला की तोही पुरावा गेला.

फलकामागची भिंत बहुधा काळ्या दगडाची आणि चुन्याची असते. तिला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट दिला की ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ती फलकाच्या सांध्यांतून निघते आणि तळाच्या ओळींचे पोपडे आधी सुटतात. फलक भिंतीला धरून ठेवणारे लोखंडी क्लॅम्प गंजून फुगतात आणि संगमरवराचा कोपरा फोडतात. कोपऱ्याजवळ तपकिरी डाग दिसला की आतला क्लॅम्प गंजला असे समजावे आणि जाणकाराकडून तो काढून स्टेनलेस स्टीलचा बसवून घ्यावा. दगडांमधल्या दरजा (फटी) भरायला एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली चाळलेली वाळू घ्यावी. नंतर आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवावे. ते फलकाला मात्र टेकू देऊ नये. नाशिकमध्ये हे काम पावसाळा सरून भिंत सुकल्यावर, हिवाळ्यात काढावे. एप्रिल-मेच्या उन्हात चुना घट्ट होण्याआधीच सुकतो आणि हाताला भुकटी लागते. रंगकामात फलकावर थेट चिकटपट्टी लावू नये, तिच्या डिंकाचा पिवळा डाग मुरतो. लाकडी चौकटीवर सुती चादर ताणून ती पुढे उभी करावी.

आणि हे सगळे करण्याआधी नोंद. मोबाईल पुरतो. समोरून सरळ एक फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. मग अंधार करून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून चारही बाजूंनी एकेक फोटो. झिजलेली अक्षरे सावलीने उठतात. मजकूर ओळीला ओळ, शुद्धलेखनाच्या चुकांसकट उतरवावा. लांबी-रुंदी, जमिनीपासूनची उंची, कुठली भिंत, वेदीपासून कितवा फलक आणि खालच्या कोपऱ्यात कारागिराचे नाव असल्यास तेही लिहावे. कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेणे टाळावे, सैल पोपडे त्यातच निघतात.

राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे फक्त दोन महायुद्धांच्या काळातल्या मृतांची जबाबदारी आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. त्याआधीच्या लढायांचे फलक स्थानिक मंडळींनीच सांभाळायचे. काढलेला फलक भंगारात देणे तर सोडाच, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार इमारतीपासून सुटी झालेली शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा रंगकामाच्या करारातच एक कलम घालावे: कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय फलकाला कुणी हात लावणार नाही. नोंदीची एक प्रत चर्चच्या दप्तरात, दुसरी धर्मप्रांताच्या कार्यालयात आणि तिसरी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी.

आपला,
एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक