वजनाचा राग जेवणावर नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वजन वाढलं की मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, बळावतो, असा मजकूर हल्ली वरचेवर छापून येतो. त्यात खोटं काही नाही. पण तो वाचून मुली काय करतात, ते सदाशिव पेठेत खानावळ चालवणारी मी रोज बघते.

एमपीएससीच्या मुली माझ्याकडून डबा नेतात. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी पोळी, आणि रात्रीचं 'काकू, आजपासून बंद'. वजन उतरलं की डोकं थांबेल म्हणे! मग चारच्या सुमाराला अभ्यासिकेतून एखादी येते ती कपाळाला ओढणी करकचून आवळूनच. उजेड नको, फोडणीचा वास नको. मोरीपाशी बसून पित्त ओकते. अर्धशिशी असलेल्याने उपाशी राहणं म्हणजे दुखण्याला आवतण. मी स्वतः त्यातलीच, म्हणून संकष्टीचा उपास कधीच सोडला. सासूबाईंना ते आजही पटलेलं नाही.

माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे. 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या लेखाबद्दल तिने सांगितलं. बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी त्यात एकत्र तपासली होती. नेमक्या वजनाच्या लोकांपेक्षा लठ्ठ लोकांना मायग्रेन असण्याची शक्यता २७ टक्क्यांनी जास्त दिसली, हे सगळे सांगतात. हडकुळ्यांमध्येही ती १३ टक्क्यांनी जास्त दिसली, हे मात्र गाळतात. माझ्याकडे डबा परत पाठवणाऱ्या निम्म्या मुली मुळातच काडीसारख्या आहेत.

शिवाय मायग्रेन वरचेवर उठू नये म्हणून देतात त्या गोळ्यांचं काय? फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन यांनी वजन वाढू शकतं. टोपिरामेटने उलट भूक मरते. एका मुलीचं वजन गोळी सुरू झाल्यावर वाढलं, तर तिच्या आईने लातूरहून फोन करून माझ्या तुपाला बोल लावला! गोळी मनाने बंद करू नये, पण वजन वाढतंय हे डॉक्टरांना सांगावं. गोळी बदलूनही देतात.

वजन जास्त असेल त्यांनी ते जरूर उतरवावं, पण चालून, सावकाश आणि वेळेवर चार घास खाऊन. अभ्यासिकावाल्यांनाही एक सांगणं आहे. पुष्कळ ठिकाणी आत डबा उघडू देत नाहीत आणि जागा जाईल म्हणून मुली बाहेर पडत नाहीत. जिन्याखाली एक बाकडं आणि पाण्याचा माठ ठेवायला फार खर्च येत नाही.

— एक खानावळवाली, सदाशिव पेठ, पुणे