साडेपाच मिनिटांचा सर्व्हर अन् भाऊंचे आभार

भाऊ, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणाले तुम्ही, म्हणून नुसतं भाऊच लिहून राहिलो. इतवारीत ज्याला ज्याला आमच्या सर्व्हरची रडकथा माहीत आहे त्याला कळेलच कोणाला लिहिलंय ते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमची धान्याची ठोक पेढी, बिलिंग अन् स्टॉक सगळं एका सेकंडहँड सर्व्हरवर, त्यावर लिनक्स. उन्हाळ्यात दुपारी लाइट जायची, यूपीएस म्हातारा, वीस मिनिटांत तोही बसायचा, अन् लाइट आली की सर्व्हर उठायला साडेपाच मिनिटं, घड्याळ लावून मोजले मी. ऐकायला काही वाटत नाही, पण बाहेर पोते भरून ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला, बिल निघत नाही, अन् स्क्रीनवर ते लाल तारे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बाजूला 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग'. मुनीमजी तर बटण दाबून सरळ टपरीवरच जायचे.

एका दुकानदारानं सांगितलं डिस्क गेली, नवीन एसएसडी टाका. मी पैसे काढूनच ठेवले होते, खरंच.

तुम्ही आले अन् आधी काहीच उघडलं नाही. विचारलं काय, तर "ह्याच्या मागं मॅनेजमेंटचं वेगळं पोर्ट आहे, त्यात कधी केबल लावली का?" मला तर ते पोर्ट आहे हेच माहीत नव्हतं! मग तुम्ही समजावलं की सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी नावाचा एक वेगळाच छोटा कॉम्प्युटर असतो, पंखे, तापमान, पॉवर सप्लाय पाहतो, मशीन बंद असली तरी स्टँडबायवर जागा असतो, म्हणजे दुसऱ्या गावात बसूनही सर्व्हर चालू-बंद करता येतो. त्याच्याशी बोलायची भाषा आयपीएमआय, १९९८ ची, इंटेल, एचपी, एनईसी अन् डेल यांनी मिळून काढलेली. डेटा सेंटरवाल्यांच्या कामाची चीज, आमचा सर्व्हर तर गल्ल्याच्या मागंच ठेवला आहे, हात लांब केला की बटण.

मग 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' मारलं तुम्ही, म्हणजे सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला ते सांगणारी कमांड, अन् यादीत सगळ्यात वर यूडेव्ह-सेटल, म्हणजे सगळं हार्डवेअर ओळखून होईस्तोवर थांबणारी सर्व्हिस, पूर्ण दोन मिनिटं, त्याच्याखाली सर्व्हर कंपनीचं मॅनेजमेंट एजंट, दीड मिनिट. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, चौदाव्या सेकंदाला बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआय-एसआय ड्रायव्हरचं नाव अन् मग सन्नाटा. आमचा बीएमसी मेलेला होता भाऊ. पण बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, टेबलात अजून लिहिलेलं की तो आहे, अमुक पोर्टवर बसतो, म्हणून ड्रायव्हर बिचारा दार वाजवत राहायचा, उत्तर नाही, थांबायचं, परत वाजवायचं, अन् त्याच्या मागं यूडेव्ह, यूडेव्हच्या मागं डेटाची डिस्क, डिस्कच्या मागं डेटाबेस, सगळे लाइनीत. प्लग काढून बीएमसी परत उठतो का पाहू म्हणालो तं तुम्ही हसले, यूपीएस रोज बसतो म्हणजे ते आपोआपच होऊन राहिलं ना.

तेवढं दाखवून तुम्ही उठले, म्हणाले आता तू कर. मी लगेच ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये 'हा चढवू नको' अशी ब्लॅकलिस्टची ओळ टाकली, रीबूट, अन् परत तेच लाल तारे. रात्री साडेदहाला फोन केला, लाज वाटली पण केला. तुम्ही जेवत होते, आवाजावरून कळलं. तरी सगळं सांगितलं, की ब्लॅकलिस्टनं ड्रायव्हर फक्त आपोआप चढायचा थांबतो, कोणती सर्व्हिस स्वतःहून बोलावत असेल तर तो येतोच, म्हणून ती ओपनआयपीएमआय सर्व्हिस अन् कंपनीचं एजंट दोन्ही बंद कर, इन्स्टॉलच्या ओळीत ड्रायव्हरच्या नावापुढं बिन-फॉल्स लिही, म्हणजे कोणी बोलावलं तरी तो चढत नाही, अन् इनिट-रॅम-एफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला उघडणारी छोटी फाइल, नवीन बनव, नाहीतर बूटच्या वेळी जुनीच कॉपी उघडते. शेवटचं तं मला सातजन्मात सुचलं नसतं.

अन् फोन ठेवता ठेवता विचारलं, तापमान कसं पाहशील आता? नागपूरच्या मे महिन्यात हा प्रश्न चेष्टेचा नाही, आमच्या पेढीत कूलर आहे, एसी नाही. प्रोसेसरचं तापमान कोअरटेम्प नावाचा ड्रायव्हर वेगळं वाचतो, बीएमसी लागत नाही, हे तुम्हीच दाखवलं, ते चालू ठेवलं आहे. पंख्यांचे आकडे गेले, ते मेलेला बीएमसी तसेही देत नव्हता.

आता दोन मिनिटांच्या आत उठतो. त्यातलं सव्वा मिनिट बायोसचं, त्याला इलाज नाही, तुम्ही आधीच सांगितलं होतं. एसएसडीचे पैसे यूपीएसच्या नवीन बॅटरीत टाकले.

तुम्ही पैसे घेतले नाही, वरून चहाचेही स्वतःच दिले, हे काही बरोबर नाही भाऊ. येत्या रविवारी सकाळी तर्री पोहे माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही. मुनीमजी पण येतो म्हणून राहिले, त्यांना तुमच्याशी भांडायचं आहे, टपरीवर अर्धा कप होत नाही तोच पोरगं बोलवायला येतं म्हणे.