रोज सकाळी लावून घ्यायचं घड्याळ

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा बोलता बोलता एक वाक्य बोलून गेले. "जाग लवकर येते गं, पण उठून करायचं काय?" मी घाईत होते. "आता विश्रांती घ्या की," असं काहीतरी म्हणाले आणि फोन आईकडे गेला. नंतर दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्या माणसाने इतकी वर्षं आधी स्वतः उठून मग सगळ्या घराला उठवलं, त्याला मी दोन शब्दांत वाटेला लावलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. दोन बैठकांत वाचा.

आधी माझं सांगते, कारण ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या सकाळी पार विस्कटल्या होत्या. फोन उशाशी, सहाचा गजर. तो वाजला की बोटाने बंद, मग दहा मिनिटांनी पुन्हा वाजणार, पुन्हा बंद, असं करत सव्वासात. या मधल्या तासात ना धड झोप, ना धड जाग. आणि डोळे अर्धे मिटलेले असताना ऑफिसचे मेसेज वाचून उत्तरं द्यायची. एकदा मी अशीच अंथरुणातून पगारपत्रकाची फाईल पुढे पाठवली. ती आदल्या महिन्याची होती. लक्षात आलं तोवर लोकांच्या खात्यांत चुकीच्या रकमा गेल्या होत्या. निस्तरायला दोन दिवस लागले. कुणी रागावलं नाही, पण मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्या आठवड्यात तुम्हाला फोनसुद्धा केला नाही.

मग वाचायला लागले. गजर झाल्याबरोबर मेंदू पूर्ण जागा होतच नाही. ती गुंगी उतरायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो, गाढ झोपेतून उठलं तर तासभरही. तेवढ्या वेळात माणूस चालतो, बोलतो, पण त्याचा निर्णय कच्चा असतो. मी दिवसातली सगळ्यांत नाजूक कामं नेमकी त्याच वेळात उरकत होते.

मी केलं काय, तर एकदम सगळं बदलायला गेले. पाचला उठणं, धावणं, ध्यान, वाचन, डायरी. नऊ दिवस चाललं. झोपायची वेळ रात्री साडेबाराचीच होती, म्हणजे साडेचार तासांच्या झोपेवर हा सगळा डोलारा. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते, आणि त्यात जिद्दीचा काही उपयोग नसतो. दहाव्या दिवशी मी दहापर्यंत झोपले आणि उठले ती अंगावर दगड ठेवल्यासारखी.

तेव्हा मला बाबांचं घड्याळ आठवलं. चावीचं, हिरव्या डायलचं, गजर वाजताना मेजावर सरकत जायचं ते. रोज रात्री बाबा त्याला चावी द्यायचे आणि रोज सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की मिनिटकाटा पुढे ढकलायचे, कारण ते दिवसाला दहाएक मिनिटं मागे पडायचं. मी विचारलं होतं, "नवीन का नाही घेत?" तुम्ही म्हणाला होता, "रोज लावलं की बरोबर चालतं."

बाबा, आपल्या शरीरातलं घड्याळ अगदी तसंच आहे. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी माणसांना बाहेरच्या वेळेचा काही पत्ता लागणार नाही अशा खोल्यांत, मंद उजेडात ठेवून ते मोजलं. सरासरी दिवस भरला २४ तास ११ मिनिटांचा. तरुणांचा आणि वयस्कर माणसांचाही जवळजवळ तेवढाच. म्हणजे तुमच्या घड्याळाइतकंच तेही रोज मागे पडतं, आणि त्याला रोज लावून घ्यावं लागतं. रेडिओच्या जागी तिथे असतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की बाहेर उजेड किती आहे एवढं मेंदूला कळवणं हेच त्यांचं मुख्य काम. ज्या अंध माणसांच्या डोळ्यांना उजेडाची जाणीवच होत नाही, त्यांच्यातल्या अनेकांची झोप म्हणून रोज थोडी थोडी उशिराकडे सरकते, काही आठवड्यांनी भर दिवसा येते आणि फिरून पुन्हा रात्रीवर येते. त्यांचं घड्याळ रोज लावलं जात नाही. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या तिघांना, जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना, २०१७ चं नोबेल मिळालं. मला ते वाचताना सारखे तुम्हीच आठवत होता, काटा पुढे ढकलणारे.

मग मी सगळे बेत सोडले आणि दोनच गोष्टी धरल्या. उठायची वेळ साडेसहा, रविवारीसुद्धा. आणि उठल्यावर दहा मिनिटांच्या आत गॅलरीत. रविवारचं फार जड गेलं. पण सुट्टीला तीन तास उशिरा उठायचं म्हणजे ते घड्याळ पुन्हा मागे लावून ठेवायचं, आणि मग सोमवारी सकाळी डोकं चालत नाही म्हणून रडायचं. गॅलरीचंही कारण आहे. घरातला दिवा कितीही लख्ख वाटला तरी तिथे उजेड साधारण दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा तो काही हजारांत असतो. डोळ्याला फरक तेवढा वाटत नाही, पण घड्याळाला तो कळतो. फोन रात्री दिवाणखान्यात राहतो आणि गजराला साधं घड्याळ आणलं आहे. उठल्यावर चाळीस मिनिटं कुणालाही उत्तर द्यायचं नाही, हा मी स्वतःला घालून दिलेला एकमेव कडक नियम. व्यायाम जमेल तसा होतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता बाबा, तुम्हाला पहाटे साडेतीनला जाग येते त्याबद्दल. तुम्ही त्याला निद्रानाश म्हणता, पण मी आईकडून सगळा हिशेब घेतला आहे. साडेसातला टीव्हीपुढे मान टाकता, साडेआठला दिवा बंद. साडेआठ ते साडेतीन म्हणजे सात तास पुरे झाले. वय वाढलं की झोपेची वेळ आपोआप अलीकडे येते आणि झोप तुकड्यातुकड्यांची होते, हे बहुतेकांचं होतं. तुमच्या बाबतीत मात्र उपाय माझ्या उलटा आहे. मला सकाळचा उजेड हवा, तुम्हाला संध्याकाळचाही हवा. फिरायला तुम्ही अंधारात चारला निघता, त्यातला निम्मा फेरफटका संध्याकाळी ऊन कलताना ठेवा. त्या वेळच्या उजेडाने झोप थोडी पुढे सरकते. टीव्हीपुढची ती डुलकी आईने मोडायची. आणि दिवा बंद करायची वेळ दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे न्यायची, साडेनऊपर्यंत. घाई नाही.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंगही पिवळसर होतं आणि बाहुली बारीक होते, त्यामुळे तोच उजेड आत कमी पोचतो. मोतीबिंदूची पट्टी काढल्यावर तुम्ही बैठकीच्या भिंतीकडे बघून म्हणाला होता, "ही इतकी पांढरी होती?" आठवतं ना? आईचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. म्हणून तिने खिडकीशी बसण्यावर भागवू नये, बाहेर येऊन बसावं, आणि जरा जास्त वेळ.

आई, आता तुझ्याकडे वळते, आणि हे मी मनापासून सांगते आहे, टाळू नकोस. गेल्या महिन्यात बेल वाजली म्हणून तू पलंगावरून उठलीस ती थेट दारापर्यंत गेलीस, आणि कडी काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. "चौकट धरली म्हणून पडले नाही," हे तू मला हसत सांगितलंस. मला त्या रात्री झोप लागली नाही. आडव्याचं उभं झालं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटात आणि पायांकडे उतरतं. तरुणपणी शरीर ते क्षणात सावरतं. वय झालं की सावरायला वेळ लागतो, रक्तदाबाची गोळी असली तर आणखी, आणि रात्रभर पाणी पोटात गेलेलं नसतं ते वेगळंच. म्हणून जाग आली की आधी कुशीवर वळ. मग उठून पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बस. घोटे वर-खाली कर, पोटऱ्या आवळ आणि सोड, उशाशी ठेवलेलं पाणी सावकाश पी. दोन मिनिटं. मग धरून उभी राहा, एक श्वास घे, आणि मगच चाल. बेल वाजत असेल तर वाजू दे. दारातला माणूस थांबतो.

शिवाय डॉक्टरांना सांग की रक्तदाब झोपवून मोजा, आणि मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर त्यांना त्याचं कारण शोधावं लागेल, गोळ्याही बघाव्या लागतील. बसवून मोजलेल्या रक्तदाबात हे दिसत नाही. गोळ्या आपण आपल्या मनाने मात्र अजिबात बदलायच्या नाहीत.

गोळ्यांवरून आठवलं. थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी तू चहाबरोबर एकदमच घेतेस, "एकदाचं उरकलं" म्हणत. ते थांबव. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम चार तासांनंतर, नाहीतर पहिली गोळी अंगात नीट उतरतच नाही. मला वाटतं हीच तुझ्या सकाळची घडी होऊ शकेल. पलंगाच्या कडेला बसलीस की तिथेच पाणी आणि गोळी, मग दोघांनी गॅलरीत अर्धा तास, मग चहा. गोळीला थांबायचं आहे म्हणून उजेडात बसणं होईल, आणि उजेडात बसायचं आहे म्हणून थांबणं जड जाणार नाही.

हे सगळं पहिल्या आठवड्यात जमणार नाही. सवय किती दिवसांत मुरते हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर तपासलं होतं, २०१० मध्ये ते छापून आलं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. माझे जवळजवळ चार महिने गेले. त्या अभ्यासातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी, की मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडत नाही. बाबा, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. एक दिवस मोडला की तुम्ही सगळंच सोडून देता. तसं करू नका.

आणि आता "उठून करायचं काय" याबद्दल. याचं उत्तर मला आईच्या जुन्या सवयीत सापडलं. आई, तू आमची दप्तरं रात्रीच भरून दारापाशी ठेवायचीस. सकाळी आम्ही कितीही झोपेत असलो तरी पाय आपोआप तिकडे वळायचे. मी आता रात्री दिवा बंद करण्यापूर्वी एका चिठ्ठीवर उद्याचं पहिलं काम लिहिते. एकच, आणि अगदी नेमकं. "हिशेब बघणे" असं नाही, "फेब्रुवारीच्या खात्यातली न जुळणारी नोंद शोधणे" असं. सकाळी साडेआठला टेबलाशी बसते ती थेट त्या ओळीवर. पहिला दीड तास त्यालाच देते, आणि जे काम पूर्वी संध्याकाळपर्यंत रेंगाळायचं ते बहुतेक दिवशी दहाला संपलेलं असतं. गुंगीतल्या डोक्याला काय करायचं ते ठरवायला लावलं नाही, की ते चालायला लागतं.

बाबा, तुमच्या सकाळी कुणीच काही दारापाशी ठेवलेलं नसतं. नोकरी होती तोवर ते दप्तर आपोआप भरलेलं असायचं. म्हणून मी एक काम मागते आहे, आणि ते मला खरोखर हवं आहे. कपाटाच्या वरच्या खणातल्या पत्र्याच्या पेटीत तीन-चारशे फोटो असतील. त्यातल्या निम्म्या माणसांना मी ओळखत नाही. तुमच्या दोघांशिवाय ती नावं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. रोज रात्री पाच फोटो काढून गॅलरीतल्या टेबलावर ठेवा. सकाळी चहा झाला की दोघांनी बसून मागे मऊ पेन्सिलीने लिहा, हलक्या हाताने, म्हणजे पुढे उमटणार नाही. कोण, कुठे, साधारण कधी, आणि काही आठवलं तर तेही. पाच झाले की थांबायचं, सहावा उद्या. दोघांचं जमेना तर वादही लिहा.

मी पुढच्या महिन्यात चार दिवसांसाठी येते आहे. रक्तदाब मोजायचं यंत्र आणते, तिघं मिळून वापरायला शिकू. ते हिरवं घड्याळ माळ्यावर असेल तर खाली काढून ठेवा, मी तेल घालून बघते.

आणि सुरुवात त्या कडा फाटलेल्या फोटोपासून करा, ज्यात आई पायरीवर बसली आहे आणि मी तिच्या मांडीवर. मागे दाराला टेकून एक बाई उभ्या आहेत, हसताहेत, त्यांचा एक हात माझ्या डोक्यावर आहे. त्या कोण, ते मला कधीच कळलेलं नाही.

तुमची,
धाकटी