दुःखात धावून आलेल्या सर्वांचे आभार

आमची आई गेली. मामांची ती अक्का, आणि गल्लीतल्या कित्येक जणींची जिवाभावाची मैत्रीण. आषाढीच्या वारीत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणीहून गंगाखेडकडे निघाली, की आई पहाटेपासून धपाटे थापायला बसायची. ज्वारीच्या पिठात तीळ, ओवा, लसूण; सोबत शेंगदाण्याची चटणी. दारावरून वारकरी उपाशी गेला, तर तिला घास गोड लागत नसे.

त्या रात्री भाडं न घेता गाडी काढणारे ड्रायव्हर दादा, तिरडीपासून सगळं बघणारी पोरं, घरात चूल बंद असताना पिठलं-भाकरीच्या दुरड्या उंबऱ्यावर ठेवून नाव न सांगता गेलेल्या मावश्या, तुम्हा सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.

दहावा गंगाखेडला गोदावरीवर झाला. संत जनाबाईंचं हे गाव. त्यांचे अभंग आईला तोंडपाठ. घाटावर एका अनोळखी आजींनी माझ्या धाकट्या बहिणीला कुशीत घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रड बाई, मोकळी हो." तोवर ती रडलीच नव्हती. आजी, तुमचे उपकार कसे फेडावेत!

दुरड्या धुऊन ठेवल्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी घरी यावं, चहा घेऊन जावं.