मोतीला राजमाचीला नेण्याआधी

पुणे,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय निखिल,

पत्र मिळालं. मोतीला घेऊन हरिश्चंद्रगडावर रात्र काढायची म्हणतोस. रात्र काढ, पण गड बदल. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, भीमाशंकरही. तिथे कुत्रा न्यायचा नाही. त्यापेक्षा लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची गाठ. साधारण १५ किलोमीटर, बहुतेक जीपचा कच्चा रस्ता. कर्जतकडच्या कोंढाणे लेण्यांकडून चढ अंगावर येतो, आणि त्या वाटेत २५ किलोच्या कुत्र्याचा पाय मुरगळला तर त्याला उतरवणार कसा? इकडे निदान पायथ्याच्या उधेवाडीतून जीप मागवता येते. तरी एक जाड सोलापुरी चादर सॅकमध्ये टाकच. चार टोकं दोघांनी धरली की झोळी होते. म्हणजे सोबत आणखी एक माणूस हवाच.

थंडीबद्दल तू पानभर लिहिलंस आणि कुसळांबद्दल एक अक्षर नाही! दिवाळीनंतर पठारावरचं गवत वाळतं, तेव्हा मोतीचा खरा शत्रू तेच. कुसळाच्या टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कुसळाच्या शेपटीला दव लागलं की तिचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि टोक स्क्रूसारखं आत जातं. निघण्याआधी त्याच्या बोटांमधले आणि कानाखालचे केस बारीक कापून घे. वाटेत दर तासाला थांबून बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, कान चाचपून बघ. एकदम सटासट शिंका सुरू झाल्या तर कुसळ नाकात गेलंय असं समज. मान एका बाजूला कलली तर कानात, एकच पंजा सारखा चाटत असेल तर बोटांत. वर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढ. आत गेलं असेल तर कोरत बसू नकोस, परत फिर आणि डॉक्टर गाठ. आत राहिलेलं कुसळ मांसातून पुढे सरकतं आणि भलतीकडेच गळू होतं.

गोचिडांची गोळी निघण्याआधी दोन-तीन दिवस दे. चिकटलेली गोचीड कातडीलगत धरून सरळ उपटायची. रॉकेल नको, काडी लावणं नको.

पाणी. घरी त्याला दिवसाला दीड लिटर पुरतं, चालताना दुप्पट धर. ओढे आता आटत आलेत आणि डबक्यातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती, म्हणून गावापर्यंतचं तीन लिटर त्याच्यासाठी वेगळं घे. पहाटे सहाला चालायला लाग. नोव्हेंबर असला तरी दुपारी कातळ तापतोच. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही नाही.

जेवण नेहमीचंच, फक्त दीडपट. पोहोचल्यावर अर्धा तास दम खाऊ दे, मग वाढ. भरल्या पोटी चालवू नकोस. उधेवाडीत घरगुती जेवण मिळतं, आणि मोतीकडे बघून कुणीतरी प्रेमाने पिठलं-भाकरी पुढे करणार. कोरडी भाकरी चालेल, पिठलं नको. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतो. ज्या घरी उतरणार त्यांना ‘कुत्रा आहे’ हे फोनवरच सांग. गावात शिरताना पट्टा आखूड धर. कोंबड्या, करडं आणि गावातली कुत्री, तिघांशीही गाठ आहे. कुत्री धावून आली तर मोतीला उचलू नकोस, त्याला पायाशी घे आणि सावकाश चालत राहा.

आता रात्रीचं. तंबूबाहेर बांधून ठेवला की राखण करेल, हा विचार डोक्यातून काढ. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्याने खाल्लेल्या मांसात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. अंधार पडायच्या आत त्याचं शी-शू उरकून घे. रात्री बाहेर काढावंच लागलं तर विजेरी आणि आखूड पट्टा. एरवी तो तंबूत आणि तंबूची चेन बंद. नखांनी तंबूचा तळ फाटतो म्हणून खाली सतरंजी टाक, तिच्यावर कॅरीमॅटचा तुकडा. थंडी हवेपेक्षा जमिनीतून जास्त लागते. दवाने भिजला असेल तर आधी टॉवेलने खसखसून पूस, मग पांघरूण घाल. एवढ्यावर त्याची थंडी भागते.

सकाळी राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर जाणार असाल तर पायऱ्या ढासळल्यात हे लक्षात ठेव. पट्टा गळ्याला नको, छातीच्या हार्नेसला अडकव. पाठीवर मूठ असलेला मिळाला तर उत्तम. उतरताना त्याला पुढे सोडू नकोस, सगळा भार पुढच्या पायांवर येतो.

परत आल्यावर तीन आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेव. ताप, खाणं सोडणं किंवा नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घे आणि गोचीड-तापाबद्दल डॉक्टरांना आपणहून विचार.

तुझा,
अनिकेत

ता. क. रेबीजच्या लसीचा कागद गाडीत ठेवू नकोस, सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव. मोती कुणाला चावला तर गावकरी आधी तोच मागतील, आणि मागायलाच हवा.