फॅमिली हॉलमधला धूर बंद करण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, छत्रपती संभाजीनगर

विषय: आपल्या लातूर शाखेतील फॅमिली रेस्टॉरंट व परमिट रूममध्ये चालणारे धूम्रपान.

महोदय,

मी लातूरचा रहिवासी. एसटीत वाहक म्हणून ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. आपली शाखा इथं सुरू झाल्यापासून आम्ही घरची मंडळी महिन्यातून एकदा तरी तिथं जेवायला येतो. तुमच्याकडची शेवभाजी आणि गरम ज्वारीची भाकरी आमच्या घरात सगळ्यांना आवडते, त्यामुळे ही तक्रार जेवणाची नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या रविवारी नातीचा पाचवा वाढदिवस होता. आम्ही सातजण संध्याकाळी साडेसातला आलो. एरवी आम्ही बाहेर लॉनवर बसतो. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून आत हॉलमध्ये बसावं लागलं. माझ्या पत्नीला वीस वर्षांपासून दमा आहे, पंप तिच्या पर्समध्ये कायम असतो. बसून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोवर तिनं पदर नाकाला लावला. नात म्हणाली, "आजोबा, घाण वास येतोय."

हॉल तुम्ही कागदावर पाहिला असेल, पण मी डोळ्यांनी पाहिला तो असा आहे. फॅमिली सेक्शन आणि परमिट रूम यांच्यामध्ये छातीएवढी प्लायवूडची आडभिंत, तिच्यावर प्लास्टिकच्या वेली. वर छत एकच आणि एसीही एकच. पलीकडच्या कोपऱ्यात काच लावून 'स्मोकिंग झोन' अशी पाटी ठोकली आहे. ती काच वरून दीड-दोन हात मोकळी आहे आणि तिला दारच नाही. हात धुवायला जायचं तर त्याच कोपऱ्यावरून जावं लागतं. त्या कोपऱ्यात चार टेबलं, चारही भरलेली, तिथंच बीअर, तिथंच मसाला पापड आणि चखणा. आणि धूर तेवढ्यावरच थांबलेला नव्हता. परमिट रूमच्या इतर टेबलांवरही ॲशट्रे ठेवलेले होते आणि मॅनेजरच्या देखत लोक सिगारेटी पेटवत होते.

मी उठून काउंटरवर गेलो. मॅनेजरसाहेब नम्रपणे बोलले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांचं उत्तर होतं, "काका, आपल्याकडं तीसपेक्षा जास्त सीट आहेत. कायद्यानंच स्मोकिंग झोनला परवानगी आहे. आणि बारमध्ये ओढू नका म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतंय." तोवर पत्नीला धाप लागली होती. पंप घेऊनही आराम पडेना, तेव्हा मुलगा तिला बाहेर गाडीत घेऊन बसला. केक आम्ही गाडीजवळ, पोर्चमध्ये उभं राहून कापला. लेकराचा वाढदिवस असा झाला.

परमिट रूममधल्या एका टेबलावरच्या माणसानं हे सगळं पाहिलं आणि सिगारेट विझवून तो आपण होऊन बाहेर गेला. त्यानं माझी माफीही मागितली. म्हणून ओढणाऱ्या सगळ्यांना मी दोष देत नाही. ज्यांनी त्याच्यापुढं ॲशट्रे ठेवला, त्यांना देतो.

घरी आल्यावर मुलाकडून मोबाइलवर नियम काढून घेतले आणि दोन दिवस बसून वाचले. कायदा २००३ चा आहे, सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांचा, ज्याला कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि हॉटेल, रेस्टॉरंट हे सार्वजनिक ठिकाण आहे. तीस किंवा त्याहून जास्त जणांच्या बैठकीचं रेस्टॉरंट असेल तर धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते, हे मॅनेजरसाहेबांचं म्हणणं खरं आहे. माणसं मोजायची सवय नोकरीनं लागली, त्यामुळे त्या रात्रीच मी मोजलं होतं: तुमच्या हॉलमध्ये ८४ खुर्च्या आहेत. पण त्यांनी अर्धाच कायदा सांगितला. ती वेगळी जागा कशी असावी, हे २ ऑक्टोबर २००८ पासून लागू असलेल्या नियमांत लिहिलं आहे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती असलेली बंद खोली. आपोआप मिटणारं दार, तेही एरवी बंदच. आतली हवा पंख्यानं थेट इमारतीबाहेर जायला हवी, पुन्हा फिरून आत येता कामा नये आणि खोलीतल्या हवेचा दाब बाकीच्या इमारतीपेक्षा कमी असायला हवा, म्हणजे दार उघडलं तरी धूर बाहेर येणार नाही. ही खोली येण्या-जाण्याच्या दारापाशी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथं ओढण्याशिवाय दुसरी कोणतीही सेवा द्यायची नाही. तुमच्या कोपऱ्यात तर वेटर ऑर्डर घेतो, ताटं लावतो, बाटल्या उचलतो.

बाकी हॉलमध्ये ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असं काहीही ठेवायला मनाई आहे. तुमच्याकडं हॉटेलचं नाव छापलेल्या काडेपेट्या मिळतात, त्यातली एक पत्रासोबत पाठवत आहे. प्रवेशद्वाराशी ६० बाय ३० सेंटिमीटरचा 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे' असा फलक लागतो आणि तक्रार कोणाकडं करायची, त्या माणसाचं नाव ठळक दिसेल असं लावावं लागतं. तुमच्या दारावर 'आपले सहर्ष स्वागत' आहे, हा फलक नाही. ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण तक्रार आल्यावरही मालकानं किंवा मॅनेजरनं काही केलं नाही, तर जेवढे गुन्हे तेवढा दंड त्याच्यावर बसतो, हेही त्याच नियमांत आहे. माझी तक्रार त्या रात्री आठच्या सुमारास मॅनेजरसाहेबांकडं तोंडी झालेली आहे, हे कृपया लक्षात घ्यावं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मी खरं तर लिहायला घेतलं, ती सांगतो.

आम्हाला वाढणारा पोरगा विशीतला असेल. त्याचं नाव मी लिहिणार नाही. बाटल्या घेऊन तो सारखा त्या काचेच्या कोपऱ्यात जात होता आणि आमच्या टेबलाशी येऊन तोंड फिरवून खोकत होता. मी विचारलं, "ओढतोस का रे?" तर म्हणाला, "न्हाई काका, सुपारीसुद्धा खात न्हाई." मग मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही घंट्याभरानं जाताव काका. आमाला रातीच्या बारापर्यंत हितंच ऱ्हायचंय."

ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण मी ते जगलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी लातूर–नांदेड गाडीवर होतो. पावसाळ्यात काचा बंद, पन्नास माणसं बसलेली, पंधरा-वीस उभी आणि आष्टामोड गेलं की मागच्या बाकांवर बिड्या पेटायच्या. पाटी होती, पण पाटीकडं कोण बघतो? अहमदपूरला उतरणारा अहमदपूरला उतरायचा, लोह्याचा लोह्याला. मी नांदेडपर्यंत त्याच धुरात तिकिटं फाडायचो आणि तसाच परत यायचो. ओढू नका म्हटलं की म्हातारी माणसंसुद्धा अंगावर यायची, "तुझ्या बापाची गाडी हाय का?" म्हणून. २ नोव्हेंबर २००१ ला मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक वाहनं, रेल्वे, दवाखाने, शाळा, न्यायालयं अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. त्यानंतर आम्हाला बोलायला बळ आलं. वर्ष-दोन वर्षं भांडणं झाली, मग लोक आपण होऊन थांब्यावर उतरून ओढायला लागले. तेव्हाही लोक म्हणत होते की प्रवासी जीपगाड्यांकडं जातील. माझ्या गाडीचा एक प्रवासी बिडीपायी कमी झाला नाही. आता एसटीत कुणी बिडी पेटवली तर बाकीचे प्रवासीच त्याला गप्प करतात, वाहकाला तोंड उघडावं लागत नाही.

गंजगोलाईत आम्ही निवृत्त मंडळी सकाळी चहाला जमतो, तिथं मी हा विषय काढला. एक मित्र जुना सिगारेट ओढणारा आहे. तो म्हणाला, "अरे, तो बार आहे, शाळा नव्हे. दारू पिणाऱ्यानं तब्येतीची काळजी करायची? ज्याला धूर नको त्यानं जाऊ नये." मला त्याचं म्हणणं उडवून लावायचं नाही, कारण बरेच लोक हेच म्हणतात. पण माणूस दारू पितो ती त्याच्याच पोटात जाते. त्याचा पेला शेजारच्याच्या घशात उतरत नाही. सिगारेटचं तसं नाही. दुसऱ्यानं ओढलेल्या धुरानं दरवर्षी जगभरात दहा लाखांहून जास्त माणसं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ही सगळी स्वतः न ओढणारी माणसं. आणि 'ज्याला नको त्यानं जाऊ नये' हे मला लागू होईल, मी दुसरं हॉटेल बघेन. वेटरला कसं लागू होईल? गावाकडं कोरडवाहू दोन-तीन एकर, सोयाबीनला भाव नाही, म्हणून तो तुमच्याकडं आला. त्याला 'नको तर जाऊ नको' म्हणायचं म्हणजे पगार सोड म्हणायचं. आयर्लंडनं २९ मार्च २००४ ला बारसकट सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद केलं. असं करणारा तो पहिला देश. आणि त्यांनी ते मुख्यतः बारमध्ये काम करणाऱ्यांसाठी केलं. आपल्याकडं या वादात ग्राहकाचा हक्क आणि मालकाचा धंदा एवढंच बोललं जातं, वाढणाऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

राहिला धंदा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले. आपल्याकडं तंबाखू चघळणारे खूप, २४ टक्क्यांच्या वर, तो वेगळाच रोग आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. बारमध्ये ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असणार, हे मला कळतं. पण तुमच्या ८४ खुर्च्यांवर त्या रात्री जेवढे बसले होते, त्यातले बहुतेक ओढत नव्हते. आमच्या शेजारचं कुटुंब गोड न घेताच उठून गेलं. असं तुटलेलं गिऱ्हाईक तुमच्या मॅनेजरच्या हिशेबात येत नाही, कारण ते भांडत नाही, पुन्हा येत नाही एवढंच. आणि ओढणारा माणूस पाच मिनिटं बाहेर जाऊन येऊ शकतो. तुमच्यासमोर एवढा मोठा पोर्च आहे. सरकारनंही २०२० च्या दुरुस्तीच्या मसुद्यात स्वतंत्र जागेची ही सवलतच काढून टाकायचं आणि दंड २,००० रुपये करायचं सुचवलं होतं, तेव्हा महागडी काचेची खोली बांधण्याआधी तुम्ही दोनदा विचार करावा, असं मला वाटतं. माझं मत विचाराल तर खोली बांधूच नये. नियमात बसणारी खोली बांधली तरी आतला कचरा काढायला आणि थोटकं उचलायला कुणाला तरी जावंच लागेल. तो मालक नसेल.

बिलाचे २,६४० रुपये मला परत नकोत. मुलानं आपल्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन केला, तेव्हा पुढच्या वेळी १५ टक्के सूट देतो असं सांगण्यात आलं. ती सूटही नको. त्या हॉलमधून ॲशट्रे आणि काडेपेट्या आठ दिवसांत उचलल्या जाव्यात, काचेचा तो कोपरा बंद व्हावा आणि तक्रार कोणाकडं करायची त्याचं नाव व फोन दारावर लागावा, एवढं मला हवं आहे. बाकीच्या शाखांतही असंच चालू असेल तर तिथंही पाहावं. ओढू नका असं ग्राहकाला सांगणाऱ्या वेटरच्या पाठीशी मॅनेजर उभा राहील, असं त्यांना लेखी कळवावं. पाठबळ नसेल तर पोरं बोलणार नाहीत, हे मी ३१ वर्षांच्या नोकरीतून सांगतो.

आणखी एक कळकळीची विनंती. मी वेटरचं बोलणं या पत्रात लिहिलं आहे. त्यावरून तो कोण, याची चौकशी करू नये आणि कुणाची ड्यूटी बदलू नये, कुणाला कामावरून काढू नये. तक्रार माझी आहे, तिची जबाबदारीही माझी आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहीन. उत्तर आलं नाही तर पोलीस, अन्न व औषध प्रशासन आणि जिल्हा ग्राहक आयोग यांच्याकडं फोटोंसह अर्ज देईन. तिथं जायची वेळ येऊ नये, अशी इच्छा आहे, कारण पत्नीची तब्येत सुधारली की आम्हाला पुन्हा तुमच्याकडंच जेवायला यायचं आहे. नातीला मी तसं कबूल केलं आहे.

कळावे,

आपला एक ग्राहक,
लातूर

सोबत: बिलाची छायाप्रत, हॉलचे चार फोटो, काडेपेटी एक.